कॅलिफोर्निया राहू द्या, आधी संडास बांधा

शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर मी पळस्प्याकडे फिरकत नाही. पनवेलला राहणारं कुणीच शहाणं माणूस फिरकत नाही. मुंबई-गोवा महामार्ग तिथून सुरू होतो, आणि मुंबई-ठाण्याकडून आलेल्या गाड्या त्याच्या तोंडाशी येऊन एकमेकींना चिकटतात. छतावर बांधलेल्या बॅगा, मागच्या काचेतून डोकावणारी फुगवलेली प्लॅस्टिकची बदकं, पुढे कर्नाळ्याला रांग, मग पेण, मग वडखळचा नाका. हा रस्ता २०११पासून रुंद होतो आहे. काम सुरू झालं तेव्हा माझी मुलगी चौथीत होती. आता ती नोकरीला लागून तिचा पीएफ कापला जातो.

त्या रांगेतल्या प्रत्येकाला समुद्र हवा असतो. त्यात गैर काहीच नाही, मलाही हवा असतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण आपल्याकडे पर्यटनाबद्दल जरा वाकडा शब्द काढला की 'तुम्हाला बाहेरचे लोक नकोत' असा शिक्का बसतो. माझा राग रांगेवर नाही. माझा राग एका वाक्यावर आहे, आणि ते वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकते आहे: 'कोकणचा कॅलिफोर्निया करू.' हे न म्हणालेला पुढारी कुठल्याही पक्षात सापडणं अवघड. वाक्य इतकं झिजलंय की आता त्यावर कुणी हसतही नाही. पण त्याच वाक्याच्या आडोशानं एक धंदा चाललाय, आणि त्या धंद्याला आपण सगळे मिळून 'पर्यटन' म्हणतो.

हे मला कळलं ते गेल्या दिवाळीनंतर, आईला घेऊन तिच्या माहेरी गेले तेव्हा.

आई ब्याऐंशी वर्षांची आहे. माहेर मुरूड ते श्रीवर्धन या पट्ट्यातलं एक गाव. (नाव देत नाही. एक तर प्रकरण तहसीलमध्ये आहे, आणि दुसरं म्हणजे नाव दिलं तर पुढच्या शनिवारी तिथं आणखी वीस गाड्या जातील.) तिला फक्त समुद्रात पाय बुडवायचे होते. मामेभावाच्या घरापासून समुद्र चालत सात मिनिटांवर. ग्रामदेवतेच्या देवळामागून, दोन वाड्यांच्या गडग्यांमधून एक वाट जाते, जायची म्हणू, आणि थेट पुळणीवर उतरते. आई त्या वाटेनं डोळे मिटून गेली असती. आम्ही गेलो तर वाटेत आठ फुटी चिऱ्याची भिंत, भिंतीत लोखंडी गेट, गेटवर रिसॉर्टची पाटी आणि गेटशी एक विशीतला पोरगा, सुरक्षारक्षकाच्या गणवेशात.

"मॅडम, सिर्फ गेस्ट के लिए."

आईनं त्याला मराठीत सांगितलं, "अरे बाबा, मी या गावची. ही वाट समुद्राची आहे." त्याला बिचाऱ्याला मराठी येत नव्हतं, पण म्हातारी माणसं कळतात. त्यानं आपली खुर्ची बाहेर आणून दिली आणि आई पाच मिनिटं त्या गेटबाहेर बसली. आतून पोहण्याच्या तलावात उड्या मारणाऱ्या मुलांचे आवाज येत होते. पलीकडे समुद्र, अलीकडे तलाव; असो.

मग गाडीनं दोन किलोमीटर वळसा घालून आम्ही 'मेन बीच'ला गेलो. पार्किंगचे पन्नास रुपये. वाळूत चार चाकांच्या मोटारसायकली, उंट, घोडागाडी, मक्याचे दाणे, आणि ओल्या वाळूवरून गाडी पळवून रुतवून बसलेला एक वीर, ज्याला गावातली पोरं ट्रॅक्टरनं ओढत होती. आईचे पाय बुडवून झाले. आणि मग या वयात जे होतं ते झालं, तिला लघवीला लागली.

त्या संपूर्ण किनाऱ्यावर एकही संडास नव्हता. होता, म्हणजे एक पत्र्याचा सांगाडा होता, कुठल्याशा योजनेच्या फलकासकट, दाराला कुलूप. वडापावच्या टपरीवरची बाई आईकडे बघून समजली आणि तिला हाताला धरून मागच्या आपल्या घरी घेऊन गेली. परत आल्यावर मी पैसे देऊ केले तर रागावली. म्हणाली, "आजीचे कसले पैसे? शनिवार-रविवार तीस-चाळीस बायका येतात माझ्याकडे. पोरींना कुठं पाठवायचं? टाकी भरली की उपसायला मात्र गाडी बोलवावी लागते, तेवढं महाग पडतं."

त्या किनाऱ्यावर पर्यटनासाठी उभी असलेली सार्वजनिक व्यवस्था म्हणजे त्या बाईचा संडास. हे मी अलंकारिक बोलत नाहीये. ग्रामपंचायतीचा कचऱ्याचा एक ट्रॅक्टर सोडला, तर सगळ्यांसाठी असलेली दुसरी गोष्ट मला तिथं दिसली नाही. जीवरक्षक नाही, कपडे बदलायला आडोसा नाही, प्यायच्या पाण्याचा नळ नाही, भरती-ओहोटीची वेळ लिहिलेला साधा फळा नाही. मुरूडच्या समुद्रात १ फेब्रुवारी २०१६ला पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. त्यानंतर दहा वर्षांनी मी फळा शोधत होते.

आता थोडं मागं जाऊ, कारण 'समुद्रकिनारी सुट्टीला जाणं' ही गोष्ट निसर्गनियमासारखी वाटत असली तरी ती अलीकडची आहे, आणि ती कुणी, कशी, कुणाच्या पैशांनी घडवली हे बघण्यासारखं आहे.

आमच्याकडे समुद्र घरामागे असायचा. कोकणातली जुनी घरं पाहिलीत तर अंगण आणि ओटी गावच्या रस्त्याकडे, मागं वाडी, नारळी-पोफळी, आणि वाडीच्या पलीकडे समुद्र. पुळणीवर माणसं कामाला जायची: होड्या ओढायला, जाळी तुणायला, बोंबील आणि जवळा सुकवायला. काही गावांचं स्मशान तिथं. आणि खोटं कशाला बोला, पहाटे परसाकडला जायची जागाही तीच. सूर्यास्त बघायला म्हणून पुळणीवर जाऊन बसलेल्या माणसाची लोकांनी चौकशी केली असती.

युरोपातही वेगळं नव्हतं. समुद्र म्हणजे वादळ, चाचे आणि कुजलेल्या मासळीचा वास. मग १७५० साली रिचर्ड रसेल नावाच्या एका इंग्रज डॉक्टरनं गंडमाळांवर समुद्राच्या पाण्याचा उपाय सांगणारा ग्रंथ लॅटिनमध्ये लिहिला. त्या पाण्यात बुडायचं, आणि प्यायचंसुद्धा. ब्रायटन हे तेव्हा खंगत चाललेलं कोळ्यांचं गाव. रसेलचे श्रीमंत रोगी तिथं जायला लागले, १७८३मध्ये युवराज गेला, आणि खंगलेल्या गावाचं फॅशनेबल शहर झालं. (आपल्याकडेही समुद्र आधी औषध म्हणूनच आला. पुण्याला ससूनमध्ये आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाल्यावर १९२४मध्ये गांधीजी हवापालटासाठी राहिले ते जुहूला.) इथपर्यंतची गोष्ट श्रीमंतांची.

खरी गोष्ट पुढची आहे. ब्रायटनला १८४१मध्ये आणि ब्लॅकपूलला १८४६मध्ये रेल्वे पोचली. ब्लॅकपूल लँकेशायरच्या किनाऱ्यावर, आणि लँकेशायर म्हणजे कापडगिरण्या. तिथं गिरणगावं वर्षातून एक आठवडा आळीपाळीनं बंद ठेवायची प्रथा होती. आज एक गाव, पुढच्या आठवड्यात दुसरं. अख्खं गाव, मुकादमापासून बॉयलरवाल्यापर्यंत, रेल्वेत बसून ब्लॅकपूलला. एवढी माणसं एकदम आल्यावर त्या गावानं काय केलं? नगरपालिकेनं समुद्रालगत रुंद फेरफटक्याचा रस्ता बांधला, १८७९मध्ये त्यावर विजेचे दिवे लावले, त्याच वर्षी कायदा करून घेऊन जाहिरातीसाठी खास कर बसवला, आणि १८८५मध्ये त्या रस्त्यावर विजेची ट्राम धावली. १९३८मध्ये ब्रिटनमध्ये भरपगारी सुट्टीचा कायदा झाला. म्हणजे गिरणी कामगाराच्या सुट्टीतून आणि पालिकेच्या करातून ते शहर उभं राहिलं.

मला ब्लॅकपूलचं गोडवं गायचं नाही. स्वस्त विमानं निघाली, लोक स्पेनला जायला लागले, आणि आज ते इंग्लंडमधल्या सर्वांत दरिद्री शहरांत मोजलं जातं. ब्रिटनच्या उमरावांच्या सभागृहानं २०१९मध्ये अशा ओसाडलेल्या समुद्रकाठच्या शहरांवर एक मोठा अहवालच काढला. पण दरिद्री झालेल्या ब्लॅकपूलमध्येही समुद्रालगतचा तो रस्ता गावाचा आहे, त्यावर गेट नाही.

आपल्याकडे गिरण्या होत्या, समुद्र होता, आगबोटीही होत्या. मग मुंबईच्या गिरणी कामगारानं ब्लॅकपूल का घडवलं नाही? उत्तर सोपं आहे. त्याला सुट्टीसाठी समुद्रकिनारा लागलाच नाही, कारण त्याचं घरच तिथं होतं. १९४८च्या कारखाना कायद्यानं कामाच्या वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळाली, ती शिमग्याला, गणपतीला आणि बहिणीच्या लग्नाला संपली. माझे आजोबा लालबागला खात्यात होते. आयुष्यात एकदाही ते 'समुद्रावर' म्हणून गेले नाहीत. गावी गेले की वाडीचं शिंपणं करायचे. आईच्या लहानपणी घरात समुद्राचा विषय निघायचा तो 'रामदास' बोटीवरून. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट १७ जुलै १९४७ला, गटारीच्या दिवशी बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. चाकरमान्यांच्या घरांमध्ये समुद्र आठवायचा तो असा.

म्हणून आपल्या किनाऱ्यावर पर्यटन आलं ते खालून, कामगारांच्या रेट्यानं आलं नाही. ते वरून आलं. गोव्यात अग्वादच्या किल्ल्याशी ताजचं हॉटेल १९७४मध्ये उभं राहिलं. महाराष्ट्रात १९७५मध्ये पर्यटन विकास महामंडळ स्थापन झालं. १९९७मध्ये सिंधुदुर्गला देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर केलं. जाहीर करायला खर्च येत नाही. आणि आमच्या रायगडात ते आलं गाड्यांमधून. नव्वदनंतर मध्यमवर्गाकडे गाड्या आल्या आणि मुंबई-पुण्यापासून तीन-चार तासांवर जे जे होतं ते 'वीकेंड' झालं. दिवेआगरला नोव्हेंबर १९९७मध्ये पोफळीच्या वाडीत खणताना सोन्याचा गणपती सापडला, आणि त्याच्या दर्शनाला आलेल्या लोकांना जेवायला कुठं घालायचं म्हणून घराघरांत खानावळी निघाल्या. तो मुखवटा २०१२मध्ये दरोडेखोरांनी दोन पहारेकऱ्यांना मारून पळवला. पण तोवर खानावळी स्थिरावल्या होत्या.

इथं मला थांबून एक गोष्ट कबूल करायला हवी. त्या खानावळी, वाडीतल्या दोन खोल्या, उकडीचे मोदक सांगून ठेवायचे, आंघोळीला चुलीवरचं पाणी, हे पर्यटन मला मनापासून आवडतं. मामेभावाच्याही दोन खोल्या आहेत. त्या खोल्यांवर त्याच्या मुलीचं नर्सिंगचं शिक्षण झालं. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं आणि त्याच्या वाडीतल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या. पोफळ लावली की पहिली सुपारी हाती यायला पाच-सात वर्षं जातात. ती वर्षं त्यांनी त्या दोन खोल्यांवर काढली. तेव्हा 'पर्यटनानं स्थानिकांना काय मिळालं' असं कुणी मला विचारलं तर मी उत्तर देऊ शकते, आकड्यासकट.

पण भिंत ज्यांनी बांधली ते हे पर्यटन करत नाहीत. ते जमिनीचा धंदा करतात. आणि माझं भांडण असं आहे की सरकार, वर्तमानपत्रं आणि आपण सगळे या दोन्ही गोष्टींना एकच शब्द वापरतो.

फरक समजून घ्यायला माझ्या फोनवर येणारे मेसेज पुरेत. 'सी-टच एनए प्लॉट, अटल सेतूपासून एवढी मिनिटं, विमानतळापासून तेवढी मिनिटं, सुलभ हप्ते.' अटल सेतू जानेवारी २०२४मध्ये सुरू झाला, पनवेलच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ला झालं, आणि रोरो बोट मांडव्याला २०२०पासून गाड्या उतरवतेच आहे. प्रत्येक वेळी किनाऱ्यावरचा गुंठा वर चढला. प्लॉटवर बंगला होतो, बंगल्याला तलाव होतो, आठवड्याचे पाच दिवस कुलूप. गावाला त्यातून मिळतं काय? एका जोडप्याला रखवालदारी आणि एका मुलीला केरवारे. बंगल्याच्या बोअरवेलनं गोडं पाणी उपसलं की खालून खारं पाणी वर चढतं आणि शेजारच्या वाडीची विहीर मचूळ होते. हे व्हायला तलाव एकच पुरतो असं नाही, पण ते बंगले एकएकटे कुठं येतात?

पनवेलची माणसं या बाबतीत भोळी नाहीत, आम्ही एकदा हे बघून बसलोय. सिडकोनं आमच्याकडच्या जमिनी घेतल्या तेव्हा लोक दि. बा. पाटलांच्या मागं उभे राहिले, जानेवारी १९८४मध्ये जासई-दास्तान फाट्यावर गोळीबार झाला, पाच माणसं गेली, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळायचा हक्क आला. अपुरा, रखडलेला, दलालांनी पोखरलेला, पण हक्क. किनाऱ्यावर असं काही नाही. तिथं संपादन नाही, मोर्चा नाही, गोळीबार नाही. एक भाऊ मुंबईत, एक गावात, सातबाऱ्यावर अकरा नावं, आणि दलाल अकराही घरी पेढे घेऊन जातो. जमीन जाते त्याबद्दल मी विकणाऱ्याला दोष देत नाही. भात लावून कुणाचं पोट भरतंय? माझा प्रश्न जमिनीसोबत फुकटात जाणाऱ्या गोष्टीबद्दल आहे. वाट जाते. पुळण जाते. सातबाऱ्यावर ती कधी नव्हतीच, म्हणून तिची किंमत कुणी मागितली नाही.

आता कुणी म्हणेल, यासाठी कायदा आहे की. आहे. नोव्हेंबर १९८१मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटर किनारा मोकळा ठेवायला सांगितलं. फेब्रुवारी १९९१मध्ये त्यातून सीआरझेडची अधिसूचना निघाली: ग्रामीण किनाऱ्यावर पहिल्या २०० मीटरमध्ये नवीन बांधकाम नाही. जानेवारी २०१९च्या नव्या अधिसूचनेनं, चौरस किलोमीटरला २,१६१हून दाट वस्ती असलेल्या गावांसाठी हा पट्टा ५० मीटरवर आणायची सोय केली, आणि पातळ वस्तीच्या गावांत तो २०० ठेवला तरी त्यात पर्यटनाच्या तात्पुरत्या सोयींना दार उघडलं. ५०० मीटरपासून ५०पर्यंतचा हा उतार अडतीस वर्षांत झाला. वाटेत ८ मार्च २०१९ला किहीमला नीरव मोदीचा बंगला सुरुंग लावून उडवला, तो आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला आणि कायदा जिवंत आहे अशी समजूत करून घेतली. त्या किनाऱ्यावरून एकदा होडीनं जाऊन बघा.

शिवाय सीआरझेड सांगतं की काय बांधायचं नाही. काय बांधायलाच हवं, हे कुणीच सांगत नाही. भरतीरेषेखालची वाळू मेरीटाइम बोर्डाच्या अखत्यारीत, सुरूचं बन वनखात्याचं, मधली जमीन महसूलची, जाहिरात पर्यटन महामंडळाची, आणि सोमवारी सकाळी उरलेल्या बाटल्या ग्रामपंचायतीच्या. ब्लॅकपूलकडे नगरपालिका होती आणि कर बसवायचा अधिकार होता. आमच्या गावाकडे एक ग्रामसेवक आहे, त्याच्याकडे तीन गावं आहेत. त्यानं संडासाला कुलूप का लावलं, तेही मी विचारलं. पाणी नाही, सफाईला माणूस नाही, आणि वीजबिल कुठल्या खात्यातून भरायचं याचं उत्तर अजून आलेलं नाही. त्याच्याशी भांडायला गेले होते, चहा पिऊन परत आले.

गोव्याकडे बोट दाखवून 'बघा, तिथं काय झालं' म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. दारू, जुगार वगैरे. मला गोव्यातलं वेगळंच काही दिसतं. तिथले लोक भांडले. १९८७मध्ये जर्मनीहून पहिली चार्टर विमानं आली तेव्हा 'जागृत गोंयकारांची फौज' या संघटनेनं पाहुण्यांच्या बसवर शेण फेकलं. सभ्यपणा नव्हे तो, पण हा किनारा कुणाचा हा प्रश्न त्यांनी पहिल्याच दिवशी विचारला. दोना पावलाजवळच्या वायंगिणीच्या किनाऱ्याकडे जाणारी वाट एका मोठ्या हॉटेलनं अडवली, तेव्हा लोक कोर्टात गेले, आणि वर्षानुवर्षांनी जानेवारी २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की किनाऱ्याची पूर्वापार वाट लोकांची आहे. किनारा ही सरकारकडे जनतेच्या वतीनं ठेवलेली ठेव आहे, ती सरकारनं कुणाला देऊन टाकायची नसते. हॉटेलचं बांधकाम वाचवायला राज्य सरकारनं मग कायद्यातच दुरुस्ती केली, हा भागही सांगायला हवा. पण निकाल निकालच आहे. शिवाय २००८पासून गोव्याच्या किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक आहेत. आपण गोव्याकडून दारूचे दर घेतले, शॅक घेतली, बनाना बोट घेतली. जीवरक्षक आणि वाट राहून गेली.

आणि कॅलिफोर्निया! ज्यांना कोकणचा कॅलिफोर्निया करायचाय त्यांनी एकदा तिथला किनारा वाचून काढावा. साठच्या दशकात सोनोमा परगण्यात 'सी रँच' नावाची बंगल्यांची वसाहत मंजूर झाली आणि तिनं जवळजवळ दहा मैल समुद्रकिनारा लोकांना बंद केला. म्हणजे आज आपल्याकडे चाललंय तेच, फक्त मोठ्या मापात. त्यावर तिथले लोक खवळले. १९७२मध्ये त्यांनी थेट मतदान घेऊन किनाऱ्यासाठी आयोग नेमायला लावला आणि १९७६मध्ये कायदा झाला. किनाऱ्यावर काहीही बांधायचं तर आयोगाची परवानगी, आणि तिच्यासोबत बऱ्याचदा एक अट: लोकांना समुद्रापर्यंत जायला वाट ठेवा. भरतीरेषेखालची वाळू तर सगळ्यांचीच. मालिबूतल्या सिनेमावाल्यांनी खोट्या 'नो पार्किंग'च्या पाट्या लावल्या, गेटं बसवली, वर्षानुवर्षं खटले लढवले, आणि वाटा उघडाव्या लागल्या. पुण्यात जन्मलेले अब्जाधीश विनोद खोसला यांनी २००८मध्ये मार्टिन्स बीचलगतची जमीन घेतली आणि तिथला पूर्वापार रस्ता बंद केला. लाटांवर खेळायला येणारी साधी माणसं कोर्टात गेली. २०१८मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं खोसलांची दाद ऐकायलाही नकार दिला. कॅलिफोर्नियातही सगळं गोमटं नाही, तिथं समुद्राजवळ घर घेणं मास्तराच्या आवाक्यातलं नाही. पण घर नसलेल्या मास्तराला समुद्रावर जाता येतं, आणि तिथं गेल्यावर संडास असतो.

म्हणजे गंमत बघा. आपण 'कॅलिफोर्निया' म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर असते ती सी रँच. कॅलिफोर्नियानं जी गोष्ट मतपेटीतून थांबवली, तिचं नाव आपण कॅलिफोर्निया ठेवलंय.

अंतुल्यांच्या काळापासून गाजणारा रेवस-रेडी सागरी मार्ग आता खरोखर होऊ घातलाय. खाड्यांवर पूल होणार, किनाऱ्याची गावं एका माळेत येणार. मी रस्त्याच्या विरोधात नाही. बाळंतीण बाईला होडीतून पलीकडे नेणाऱ्या गावांना पूल हवेत. पण त्या मार्गाच्या आराखड्यासोबत किनाऱ्याच्या वाटांची यादी कुणी केली आहे का? प्रत्येक गावात समुद्राकडे जाणाऱ्या किती पायवाटा होत्या, किती उरल्या, किती भिंतीत गेल्या? हे काम अवघड नाही. तलाठ्याकडे गावनकाशा असतो, त्यावर पायवाट तुटक रेषेनं दाखवलेली असते. एका पावसाळ्यात होईल. पूल बांधायच्या आधी हे करा, कारण पूल झाल्यावर गुंठा इतका वर जाईल की रेषा शोधायला जाणाऱ्याच्या अंगावर कुत्री सोडतील.

आमच्यापुरतं आम्ही केलंय. मामेभावानं गावनकाशाची प्रत काढली. देवळामागून निघून पुळणीपर्यंत जाणारी तुटक रेषा त्यावर आहे. मामलेदार कोर्ट कायदा १९०६ सालचा, त्याच्या पाचव्या कलमाखाली पूर्वापार वाट अडवली तर तहसीलदाराकडे दावा लावता येतो. अट एकच: अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. भिंत गेल्या पावसाळ्यानंतर उभी राहिली आणि आम्ही डिसेंबरात दावा लावला, म्हणून बसलं. ही सहा महिन्यांची मुदत कुणी ठरवली देव जाणे, पण चाकरमान्यांच्या गावात ती क्रूर आहे. गणपतीनंतर भिंत बांधली तर शिमग्याला आलेला माणूसच ती पहिल्यांदा बघतो, आणि वकील गाठेपर्यंत मुदत संपलेली असते.

समोरच्यांचं म्हणणं आहे की ती वाट खाजगी होती, वाडीवाल्यांच्या सोयीची, गावाची नव्हेच. ती गावाची होती हे आता माणसांनी सांगायला हवं. लहानपणापासून त्या वाटेनं समुद्रावर गेलेली, अजून हयात असलेली आणि कोर्टात उभं राहू शकतील अशी गावात तीनच माणसं उरलीत, आणि चौथी आमची आई. मामेभावाचा काल फोन आला होता, पुढची तारीख शुक्रवारची आहे. आईला म्हटलं, आपण गुरुवारी सकाळीच निघू. ती म्हणाली, वाटेत पेणला थांब, तिथल्या स्टँडवर निदान संडास आहे.